समासातले आकडे

भिंत पडून सात आठवडे झाले होते. चौकशी अधिकाऱ्याने बेतणारीच्या हातात दोन छायाप्रती ठेवल्या आणि तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. कपड्यांच्या कारखान्यात ती दिवसभर उभ्यानेच कापड बेतायची. बसून ऐकलेलं तिच्या डोक्यात शिरत नसे.

दोन्ही कागदांवर बारीक चौकटी होत्या आणि चौकटींवर खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी एकेक रेघ. रेघा तिच्या नवऱ्याच्या हातच्या होत्या. तो नगर कार्यालयात आरेखक होता. टेकडीच्या पोटाला बांधलेली दगडी भिंत पुढे सरकते आहे, हे लक्षात आल्यावर कार्यालयाने बारा आठवडे दर आठवड्याला दोन मापं घेतली. भिंतीचा माथा किती सरकला, हे एक. भिंतीमागची माती किती सरकली, हे दुसरं. एका मापाचा एक कागद. मग दोन्ही पारदर्शक कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे आणि रेघा जुळतात का ते बघायचं, ही तिथली जुनी रीत. रेघा समांतर असल्या तर माती आणि भिंत बरोबरीने सरकताहेत, घाई नाही. मातीची रेघ जास्त चढती असली तर माती भिंतीला मागून रेटते आहे, खालची घरं त्याच दिवशी रिकामी करायची.

दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘तुलना केली. समांतर.’ खाली मोजणी साहेबांची सही होती. वरचे शब्द नवऱ्याचे. ते अक्षर तिने अंधारातही ओळखलं असतं.

अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने सांगितलं की यजमानांच्या कामात काही खोट नव्हती, साहेबांच्याही नव्हती. भिंत अशी अचानक का गेली, हे कोणालाच सांगता येणार नाही. धुलाई कारखान्यामागची दुसरी भिंतही अशीच मोजली जाते आहे, तिथेही सगळं समांतर आहे. शेवटची सुनावणी पंधरा दिवसांनी. तिने कागद उलटसुलट केले आणि विचारलं, समांतर आहे हे कशावरून धरायचं. अधिकारी थोडा हसला. म्हणाला, “ते गणित आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

हे वाक्य त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण ते तिच्या जिव्हारी लागलं. नवरा गेला तो एका रेघेवर विश्वास ठेवून, आणि ती रेघ काय असते हेच आपल्याला कळायचं नाही म्हणे.

तो कसा गेला, ते सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. तेराव्या आठवड्यात सकाळी तो माप घ्यायला वर गेला, माती हलताना पाहिली आणि मापाची पट्टी तिथेच टाकून खाली धावला. दारं ठोकत गेला. अकरा माणसं बाहेर काढली. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला उठवायला आत शिरला तेव्हा भिंत आली. तिघंही गेले. त्या जोडप्याचा मुलगा गवंडी. त्याच्या दोन्ही मुली त्या अकरांत होत्या. तो दर रविवारी येऊन सासूबाईंच्या पायाशी दहा मिनिटं बसायचा, काही न बोलता. सासूबाईंचा आठवडा त्या दहा मिनिटांसाठी असायचा.

घरात आता तीन बायका उरल्या होत्या. सासूबाई, बेतणारी आणि नवऱ्याची थोरली बहीण. ताईंनी लग्न केलं नव्हतं. त्या नववीला गणित शिकवायच्या, आणि त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं पुढे दहा वर्षं त्यांना रस्त्यात बघून फुटपाथ बदलायची. बेतणारीने कागद पुढे ठेवून शिकवा म्हटलं, तेव्हा ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“सातवीत कितीदा नापास झाली होतीस, वहिनी?”

“एकदाच. मग सोडलीच शाळा.”

“बरं झालं. चुकीचं शिकलेलं पुसायला तरी नको.”

रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाऊण तास, स्वयंपाकघरातल्या मेजावर. पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं, दोन रेघा समांतर आहेत हे तू कारखान्यात कशी बघतेस. हे तिला येत होतं. नमुन्याच्या कागदावर उभ्या धाग्याची खूण असते, ती कापडाच्या काठाला समांतर बसवायची. वरच्या टोकापासून काठापर्यंत पट्टीने मोजायचं, खालच्या टोकापासून मोजायचं, आकडा एकच आला की कात्री चालवायची. ताई म्हणाल्या, उत्तम. पण एक रेघ या मेजावर असेल आणि दुसरी शेजारच्या घरात, तर मधलं अंतर कुठे मोजशील? तिथे चढ लागतो. रेघ वर किती गेली आणि तेवढ्यात पुढे किती गेली, ते मोजायचं. वरच्याला पुढच्याने भागायचं. येतो तो चढ. दोन रेघांचा चढ एक असला की त्या समांतर, मग त्या कुठेही असोत.

तिला हे पहिल्या दिवशी कळलं आणि दुसऱ्या दिवशी पार विसरलं. तिसऱ्या दिवशी ती पुढच्याला वरच्याने भागत बसली. ताईंनी पेन्सिल खाली ठेवली, दोन घोट पाणी घेतलं, परत उचलली. सरावाला वही पुरेना तेव्हा बेतणारीने नवऱ्याचा खण उघडला. त्यात चौकटींच्या पारदर्शक कागदांची गुंडाळी होती. उभा नि आडवा अक्ष शाईने काढून तयार. रिकाम्या कागदांवर आकडे आधी घालून ठेवायचं काम तो घरी, जेवण झाल्यावर, रेडिओ ऐकत करायचा. तिने त्यातले कागद सरावाला घेतले. मन घट्ट करूनच घेतले.

आठव्या दिवशी तिला चढ बिनचूक येऊ लागला, तेव्हा तिने छायाप्रती पुढे ओढल्या. भिंतीची रेघ आठ चौकटी पुढे जाताना आठ चौकटी वर गेली होती. चढ एक. मातीची रेघही आठ चौकटी पुढे, आठ चौकटी वर. चढ एक. तिने तीनदा मोजलं. ताईंनी एकदा मोजलं.

“समांतर आहेत,” ताई म्हणाल्या.

बेतणारीने कागद घडी घालून ठेवले आणि डबा भरायला घेतला. इतके दिवस तिच्या मनात काय होतं ते तिलाही त्या क्षणी कळलं. मोजणी साहेबाने न बघता सही ठोकली असेल, ही तिची आशा होती. कोणीतरी चुकलेलं असलं की माणसाला निदान कोणावर तरी रागावता येतं. आता तेही गेलं.

ताईंना धडा अर्धा सोडवत नसे. भावाच्या तेराव्यालाही त्यांनी वह्या तपासल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, समांतर झालं, आता लंब. त्याशिवाय चढ समजला असं मी म्हणणार नाही. बेतणारीला आता त्यात रस नव्हता, पण ती बसली, कारण सकाळचा तो पाऊण तास रिकामा गेला असता तर तिला सोसलं नसतं.

ताईंनी गुण्या घेतला आणि समजावलं. एक घर पुढे आणि दोन घरं वर अशी रेघ आहे, चढ दोन. हीच रेघ काटकोनात फिरवली की जे वर होतं ते आडवं होतं आणि जे पुढे होतं ते खाली जातं. म्हणजे दोन घरं पुढे, एक घर खाली. चढ उणे एक छेद दोन. दोन्ही चढांचा गुणाकार केला की उणे एक. लंब रेघांचं हे कायम. आता तू काढ.

ती नवऱ्याच्या कागदावर काढायला लागली. डावीकडचे आकडे वाचत वाचत ती बिंदू देत होती, जसं ताईंनी शिकवलं होतं तसं. चार पुढे, आठ वर. मग सुरुवातीच्या त्याच बिंदूपासून आठ पुढे, चार खाली. पट्टीने रेघा ओढल्या आणि ती कागदाकडे बघत राहिली. गुण्या लावायची गरजच नव्हती. वीस वर्षं कापड बेतलेल्या डोळ्याला काटकोन नसलेला कोपरा खडा लागल्यासारखा टोचतो. हा कोपरा चिंचोळा होता. तिने तरी गुण्या लावला. काटकोन सोडाच, साठ अंशही धड नव्हते.

“चुकलं,” ती म्हणाली.

ताईंनी बिंदू तपासले. एकही चुकलेला नव्हता. त्यांनी स्वतः काढून पाहिलं, तोच कोपरा आला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या फळ्यासमोर अडकल्यासारख्या झाल्या. बेतणारी मात्र कागदाच्या डाव्या समासाकडे बघत होती. असा कोपरा तिने पाहिला होता. न धुतलेल्या कापडावर बेतलेला कुडता धुऊन आला की खांद्याचा कोपरा असाच बिघडायचा. कापड फक्त उभ्यात आटतं, आडव्यात आहे तेवढंच राहतं, आणि तिरक्या रेघा सगळ्या फसवतात. म्हणून तर त्यांचं कापड आधी धुलाई कारखान्यात जाऊन आटून येई आणि मगच तिच्या मेजावर चढे.

“ताई,” ती सावकाश म्हणाली, “हा कागद उभ्यात आटलाय.”

ताईंनी समास पाहिला. खाली एक, दोन, तीन, चार. आठवडे. डावीकडे दोन, चार, सहा, आठ. मिलिमीटर. चार हा आकडा वरून उघडा, त्याच्या नेहमीच्या सवयीचा. पुढची एक चौकट म्हणजे एक. वरची एक चौकट म्हणजे दोन.

गुंडाळीत दोन जातींचे कागद होते. ‘भिंत’ लिहिलेल्यांवर डावीकडे एक, दोन, तीन होते, ‘माती’ लिहिलेल्यांवर दोन, चार, सहा. छायाप्रतींवर मात्र डावा समास नव्हताच. फाईलला टाचताना तो घडीत गेला होता. आकडे कोणी पाहिलेच नव्हते. अधिकाऱ्यानेही नाही, आणि काल चौकटी मोजणाऱ्या त्या दोघींनीही नाही.

ताईंनी कागदाचा तुकडा घेऊन पुन्हा मांडलं. भिंत आठ आठवड्यांत आठ मिलिमीटर, चढ एक. माती आठ चौकटी, म्हणजे सोळा मिलिमीटर, आठ आठवड्यांत. चढ दोन. माती दुप्पट वेगाने भिंतीवर चालून येत होती. ताईंनी आणखी एक गुणाकार केला आणि पेन्सिल मेजावर आडवी ठेवली. बाराव्या आठवड्यापर्यंत माती चोवीस मिलिमीटर जाणार होती. चौकटीला एक मिलिमीटर धरलं असतं तर चोवीस चौकटी लागल्या असत्या, आणि कागद वीस चौकटींचा होता.

“मावेना म्हणून त्याने मोजपट्टी बदलली,” ताई म्हणाल्या. “कागद पुरेना तेव्हाच कळायला हवं होतं त्याला.”

बेतणारीला तो शुक्रवार आठवला. हात धूत धूत तो म्हणाला होता, रेघा समांतर आहेत, काळजीचं काही नाही. त्याने आपल्याच हाताने आकडे बदलले होते, समासात प्रामाणिकपणे लिहिले होते, आणि मग ते विसरून कागद काचेवर धरले होते. बाकी सगळे रोज तेच करत होते म्हणून.

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधीच्या, ते कळलं नाही.

त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांना हवं तेवढं समजलंही होतं. त्यांनी एकच विचारलं, हे आणखी कोणाला कळणार आहे का. ताई म्हणाल्या, कोणी घडी उलगडली तर. सासूबाई म्हणाल्या, मग नका उलगडू. तो गेला, ते दोघं म्हातारे गेले, आता कोण परत येणार आहे. गावात त्याच्याबद्दल लोक जे बोलतात तेवढंच आपल्या घरात उरलंय.

ते खरं होतं. बेतणारीला दोन दिवसांपूर्वी ते पुरलंही असतं. पण त्याचे रिकामे कागद कार्यालयातही होते. आता मोजणी साहेब त्यावरच धुलाई कारखान्यामागच्या भिंतीच्या रेघा ओढत होते आणि काचेवर धरत होते. त्या कारखान्यात चाळीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांना ती नावाने हाक मारायची, दर मंगळवारी तिचं कापड त्यांच्या हातून यायचं.

“त्याचं नाव न घेता सांगा,” सासूबाई म्हणाल्या. “भिंत धोक्याची आहे एवढंच सांगा.”

“आई, कशावरून म्हणून विचारतील,” ताई म्हणाल्या. “आणि आकडे त्याच्या हातचे आहेत.”

सासूबाई सुनेकडे वळल्या. आवाज चढला नाही. “सूनबाई, तू त्याची बायको आहेस. तू नको जाऊस. हिला जाऊ दे.”

बेतणारीने पायात चपला घातल्या. सुनावणीला अजून सहा दिवस होते. त्या दोघी त्याच सकाळी गेल्या.

कार्यालयात त्या दिवशी गवंड्याचा जबाब चालू होता. त्याने उठून बेतणारीला आपली खुर्ची दिली. मोजणी साहेब खिडकीशी उभे होते. तिने अधिकाऱ्याला सांगितलं, फाईलच्या टाचण्या काढा. अधिकाऱ्याने आधी का म्हणून विचारलं. तिने घरून आणलेले दोन कोरे कागद शेजारी शेजारी ठेवले, डावा समास त्याच्याकडे करून. त्याने वाचलं. मग चिमट्याने टाचण्या एकेक काढल्या. दुसऱ्या कागदाची घडी उलगडली तशी दोन, चार, सहा, आठ बाहेर आले. शाई अजून काळीभोर होती, आठ आठवडे उजेडच लागला नव्हता.

साहेब पुढे आले, वाकून पाहिलं आणि तसेच मागे जाऊन भिंतीला टेकले. मग म्हणाले की मोजपट्टी बदलल्याचं आरेखकाने तोंडी सांगायला हवं होतं. ताई म्हणाल्या, सही करणाऱ्याने समास वाचायला हवा होता. दोघंही बरोबर होते.

अधिकाऱ्याने विचारलं, “हे आकडे कोणाच्या हातचे?”

“माझ्या नवऱ्याच्या.”

“आणि हे, ‘समांतर’?”

इथे ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. खाली सही साहेबांची होती, आणि तिच्याशिवाय त्या अक्षराची खात्री कोणी देणार नव्हतं. गवंडी तिच्याकडे बघत होता.

“तेही त्यांचंच,” ती म्हणाली. “त्यांनी स्वतः काचेवर धरून बघितलं होतं. घरी येऊन मला सांगितलं. आता दुसऱ्या भिंतीची फाईल काढा.”

दुसऱ्या फाईलमध्येही घडी होती. घडीत तेच आकडे. दुपारी बारापर्यंत धुलाई कारखाना रिकामा झाला. बायका ओले हात पुसत रस्त्यावर आल्या.

जिन्यात गवंड्याने तिला गाठलं. म्हणाला, “वहिनी, माझ्या पोरींना त्यांनी काढलं. आणि आईबाप त्यांच्यामुळे... घरी जाऊन मी काय सांगू?” उत्तराची वाट न बघता तो जिना उतरून गेला. त्या रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतरच्याही नाही.

चौकशीचा अहवाल आला तो सव्वीस पानांचा. त्यात अकरा माणसांचा उल्लेख एका ओळीत होता. आरेखकाच्या चुकीला चार पानं होती. साहेबांची बदली झाली. कार्यालयात आता दोन्ही रेघा एकाच कागदावर काढतात आणि तो कागद बाहेरच्या फलकावर लावतात. बेतणारी दर शनिवारी तिथून जाताना थांबते. धुलाईमागच्या मातीचा चढ अडीच आहे, भिंतीचा एक. दोन रेघांमधली फट दर आठवड्याला दीड मिलिमीटरने वाढते, हे ती आता चालता चालता वाचते. पण भिंत अजून उभी आहे. कारखाना बंद आहे, आणि त्या बायका इतर ठिकाणी मिळेल ते काम करतात. त्यातली एक परवा रस्ता ओलांडून मुद्दाम तिच्यापाशी आली आणि म्हणाली, “काय गं, पडली का तुझी भिंत?”

सासूबाई त्या सकाळपासून तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मीठ कुठे, चावी कुठे. एका दुपारी, ताई शाळेत असताना, त्या मेजाशी येऊन बसल्या.

“मला दाखव.”

बेतणारीने काय ते विचारलं नाही. तिने गुंडाळीतून एका जातीचा एक आणि दुसऱ्या जातीचा एक कागद काढला. एकावर भिंतीची रेघ ओढली, आकडे वाचत. दुसऱ्यावर मातीची, आकडे वाचत. दोन्हींचे डावे समास मागे दुमडले आणि कागद सासूबाईंच्या हातात दिले. त्या खिडकीशी गेल्या. कागद एकावर एक काचेवर धरले, पालथ्या तळव्याने नीट सपाट केले आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

“सारख्याच तर आहेत गं,” त्या म्हणाल्या.

“हो. त्यांनाही तशाच दिसल्या.”

सासूबाईंचा तळवा काचेवर तसाच राहिला. घडी त्यांच्या अंगठ्याखाली होती. त्यांनी ती उलगडली नाही.